बारा पॉइंट सहा की तेरा?

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवायला जो माझ्याकडे येतो, त्याच्या काखेत बहुधा एक खोका असतो. आत सेन्सर, डॅशबोर्डवर लावायचं गोल गेज, वायरिंगची गुंडाळी आणि बारीक अक्षरातली पुस्तिका. गिऱ्हाइकाचा हिशेब सरळ असतो. सायलेन्सरला भोक पाडा, सेन्सर पिळा, एक वायर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जोडा, संध्याकाळी गाडी न्यायला येतो. यातली पहिली दोन कामं खरंच दुपारपर्यंत आटपतात. दिवस जातो तो त्या एका वायरीत.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रोजची चूल स्टार्टर, अल्टरनेटर आणि स्कॅनर लावण्यावर पेटते. शौकीन लोकांच्या ऑटोक्रॉस आणि ऑफ-रोडच्या गाड्यांचं वायरिंग हा दुसरा धंदा. या दुसऱ्या धंद्यातून एक गोष्ट अंगवळणी पडली. सेन्सरनं काढलेला आकडा ईसीयूपर्यंत जाता जाता बदलू शकतो, आणि तो बदललाय हे गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद कार्बोरेटरची गाडी कानानं आणि प्लगच्या रंगानं लावायचे. प्लग काळा आला की पेट्रोल जास्त, पांढरा पडला की कमी, चॉकलेटी निघाला की गाडी बरोबर. ही पद्धत आजही मोडीत निघालेली नाही. पण प्लगचा रंग अख्ख्या फेरीची गोळाबेरीज सांगतो. साडेचार हजार आरपीएमला, अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना, त्या दोन-चार सेकंदांत इंजिनाला काय मिळालं ते प्लगवर उमटत नाही. आणि नॉकिंग होऊन पिस्टन जातो तो नेमका त्याच सेकंदांत.

कंपनीतून आलेला साधा ओ-टू सेन्सरही तिथं कामाचा नाही. हा झिर्कोनियाचा सेन्सर बॉशनं १९७६ मध्ये आणला आणि कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. आपल्याकडे एमपीएफआय गाड्यांबरोबर तो गावोगाव पोचला. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर येतं. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, या प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे? रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर तो ०.८-०.९ व्होल्ट देतो, लीन, म्हणजे कमी, असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधल्या ०.४५ वरून झटक्यात उडी मारतो. कंपनीच्या ईसीएमला, म्हणजे गाडीच्या मूळ ईसीयूला, एवढं पुरतं. तो पेट्रोल किंचित वाढवत, किंचित कमी करत त्या उडीच्या काठावर राहतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतो. पण फुल थ्रॉटलला टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला साडेबारा ते तेराच्या दरम्यान प्रमाण लागतं. तिथं हा सेन्सर नुसता ‘रिच’ म्हणून मोकळा होतो. साडेबारा आहे की साडेअकरा, त्याला सांगता येत नाही.

वाइडबँडच्या आत दोन सेल असतात. एक जुन्याच जातीचा, दुसरा ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा पंप, आणि मध्ये एक बारीकशी पोकळी. पोकळीत सायलेन्सरमधला वायू शिरतो. पहिल्या सेलवर ४५० मिलिव्होल्ट कायम राहावेत इतपत करंट कंट्रोलर पंपाला देत राहतो. तो किती लागला आणि कोणत्या दिशेनं, यावरून प्रमाण कळतं. सगळा खेळ मोजक्या मिलिअँपिअरचा, आणि तोही सेन्सर तापलेला असेल तरच. बॉशच्या एलएसयू ४.९ चा आतला भाग हीटरनं सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर धरून ठेवावा लागतो. त्यामुळे जुन्या सेन्सरचा कपलर काढून तिथं याचा खुपसला, असं होत नाही. मध्ये कंट्रोलर लागतोच. आजकाल तो बहुधा गेजच्याच पाठीत असतो.

दुकानातल्या पोरांना या सेन्सरबद्दलची पहिली ताकीद कपलरची असते. वायर अपुरी पडली की कपलर कापून जॉइंट मारायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. इथं ती चालत नाही. प्रत्येक सेन्सर कारखान्यात तपासून त्याच्या मापाचा रेझिस्टर कपलरच्या आतच बसवलेला असतो. कपलर फेकला की त्या सेन्सरचं मापही गेलं. लांबवायची असेल तर कपलरच्या पुढची, कंट्रोलरकडची वायर लांबवायची.

ईसीयूकडे जाणारी ती एक वायर किती त्रास देते ते एका जिप्सीच्या कामात नीट दिसलं. गाडी हातकणंगलेकडच्या एका ऊस बागायतदाराची. तेराशे सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, हेडर्स, म्हणजे इंजिनाला लागून असलेले सायलेन्सरचे पाइप, बदललेले, कंपनीचा ईसीएम काढून लॅपटॉपवर ट्यून करता येणारा ईसीयू घातलेला. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत मी असले बदल करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकालाच नडतं, आणि काढून ठेवलेला कन्व्हर्टर सगळ्या गावाला नडतो. ही गाडी ट्रकवर चढून मैदानावर जायची आणि ट्रकवरूनच परत यायची.

सेन्सर बसतो तो आटे पाडलेल्या एका जाड कड्यात. त्याला आम्ही बंग म्हणतो. आटे अठरा एमएमचे, दीड पिचचे. समोरच्या लेथवाल्या अण्णांनी स्टेनलेसच्या दांड्यातून तो काढून दिला. पिच बघून म्हणाले, “बाजारचा नट आन् की. दीड पिच कशाला पायजे?” बाजारच्या अठराच्या नटाला अडीच पिच असते, म्हटल्यावर हसले आणि गिअर बदलले. खरी घासाघीस जागेवरून झाली. हेडर्स उतरवून जमिनीवर उलटे टाकले की खालच्या बाजूला वेल्डिंग सोपं पडतं, वेल्डरचा हात आपसूक तिकडे जातो. पण सेन्सर आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर हवा, टोक खाली झुकलेलं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. ते पाणी सेन्सरच्या कोनाड्यात साठलं आणि सातशे अंशांवरच्या सिरॅमिकवर थेंब पडला की सिरॅमिक तडकतं. म्हणून गाडी रॅम्पवर असतानाच, हेडर्स न उतरवता, जागेवर खडूनं फुली मारतो आणि मगच पाइप अण्णांच्या हवाली करतो. फुली चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे. एकाच पाइपात सेन्सर घातला तर तो एकाच सिलिंडरची खबर देतो.

त्याच तडकण्याच्या भीतीनं कंट्रोलरला करंट मी फ्युएल पंपाच्या रिलेवरून देतो. नुसती चावी फिरवून गाणी ऐकत बसलेल्या माणसाच्या गाडीत हीटर तापत राहतो, आणि मग थंड इंजिन सुरू झालं की पाण्याचा फवारा थेट तापल्या सेन्सरवर. रिलेवरून घेतलं की इंजिन फिरेल तेव्हाच हीटर तापतो. उलट टोकही वाईट. सेन्सर सायलेन्सरमध्ये आणि त्याला करंट नाही, अशा गाडीत तो काजळीनं भरून मरतो. गेज बिघडलं म्हणून कुणी ते काढून ठेवलं तर सेन्सरही काढा आणि बंगला बूच मारा, हे मी बजावून सांगतो.

आता ती वायर. कंट्रोलर आपला आकडा व्होल्टमध्ये करून ईसीयूला पाठवतो, शून्य ते पाच व्होल्टच्या आत. किती व्होल्ट म्हणजे किती प्रमाण, याचं कोष्टक ज्याचं त्याचं वेगळं. एईएमच्या एक्स-सिरीज गेजला अर्धा व्होल्ट म्हणजे ८.५ आणि साडेचार व्होल्ट म्हणजे १८. इनोव्हेटच्या एलसी-२ चं कारखान्यातून आलेलं कोष्टक शून्य व्होल्टला ७.३५ आणि पाच व्होल्टला २२.३९. म्हणजे वायरीवर अडीच व्होल्ट असतील तर एकाच्या हिशेबात मिश्रण १३.२५, रिच. दुसऱ्याच्या हिशेबात १४.८७, जरा लीन. ईसीयूत चुकीचं कोष्टक निवडलं तर तो बिचारा इमानदारीनं उलट्या दिशेला पेट्रोल मारत राहणार. ही चूक मात्र लगेच सापडते, कारण फरक मोठा असतो.

जिप्सीत कोष्टक बरोबर होतं, एईएमच्याच हिशेबाचं. तरी तीन हजार आरपीएमला गेज १२.६ दाखवत होतं आणि लॅपटॉप १३.० म्हणत होता. मालक पुढच्या सीटवर बसून दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होते. “गेज बारा-सहा दावतंय, आन् ह्यो तेरा म्हनतोय. ह्यातलं खरं कुठलं धरायचं?” पॉइंट चारचा फरक म्हटलं तर किरकोळ. पण गेजनं आकडा स्वतःच मोजला होता आणि लॅपटॉपला तोच ईसीयूकडून कळला होता. दोघांच्या मध्ये एका वायरीशिवाय काही नव्हतं. मी हेडलाइट लावायला सांगितले. लॅपटॉप १३.२ वर गेला. गेज जागचं हललं नाही.

दिवे लावल्यानं पेट्रोलचं प्रमाण बदलत नाही. बदलतं ते अर्थिंग. गेजचा अर्थ कुणीतरी आधीच स्टीअरिंगखाली, बॉडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेला होता, आणि ईसीयूचा अर्थ इंजिन ब्लॉकवर होता. लोखंड ते लोखंड, दोन्ही एकच असं आपण धरून चालतो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बॉडी आणि इंजिन यांना जोडते ती एक वेणीची पट्टी. दिवे, ब्लोअर, हॉर्न, सेन्सरचा हीटर, बॉडीवर अर्थ घेतलेल्या सगळ्यांचा करंट त्या पट्टीतून माघारी येतो. पट्टी हिरवी पडलेली आणि लगखाली रंग असेल तर तिथं व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर टाकला, एक पिन गेजच्या अर्थवर, दुसरी ईसीयूच्या अर्थवर. इंजिन चालू, दिवे बंद: १७० मिलिव्होल्ट. दिवे लावले: २५०.

एईएमच्या कोष्टकात एका व्होल्टला २.३७५ चा फरक पडतो. १७० मिलिव्होल्टला तो बरोबर ०.४ येतो, २५० ला ०.६. लॅपटॉपवरचं तेरा आणि तेरा-दोन तिथून आलं होतं. गेजचं शून्य ईसीयूच्या शून्यापेक्षा उंचावर होतं, म्हणून गेजनं पाठवलेला प्रत्येक व्होल्ट ईसीयूला चढून दिसायचा. मिश्रण आहे त्यापेक्षा लीन वाटायचं, आणि ईसीयू आपणहून पेट्रोल वाढवायचा. मालकांची मूळ तक्रारही हीच होती, गाडी पेट्रोल लई पिते आणि दिवे लावले की जास्तच जड होते. त्यांना ती इंजिनाची तक्रार वाटत होती.

पट्टी नवी टाकली, लगखालचा रंग खरवडला आणि गेजचा अर्थ ईसीयूच्याच बोल्टावर नेला. इथं एक पथ्य पाळावं लागतं. काही कंट्रोलरना सिग्नलचा अर्थ वेगळा दिलेला असतो. तो ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला द्यायचा आणि हीटरचा अर्थ ब्लॉकला. दोन्ही एकत्र वळून सेन्सर ग्राउंडला घातले तर हीटरचा अँपिअरमधला करंट त्या नाजूक वाटेनं जातो, आणि थ्रॉटल पोझिशन, पाण्याचं तापमान, सगळेच सेन्सर हलायला लागतात. एक आजार काढताना चार लावून द्यायचे. सगळं जागेवर बसल्यावर दिवे लावले, ब्लोअर फुल केला, हॉर्न दाबून धरला. गेज १२.६, लॅपटॉप १२.६.

तरीही आकडा सरळ झाला म्हणजे तो इंजिनाविषयी खरं सांगतोच असं नाही. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एक सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातली न जळलेली हवा तशीच सायलेन्सरमध्ये येते आणि गेज लीन दाखवतं, प्रत्यक्षात त्या सिलिंडरचा प्लग पेट्रोलनं ओला असतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुसकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, पुन्हा लीन. अशा वेळी लॅपटॉपवर पेट्रोल वाढवत बसणारा माणूस ओल्या प्लगवर आणखी पेट्रोल ओततो. म्हणून लीनचा आकडा आला की आधी गॅस्केट, मग कॉइल आणि प्लग, आणि सगळ्यात शेवटी ईसीयूतला पेट्रोलचा मॅप. उस्तादांचा प्लग काढून बघायचा रिवाज इथं पुन्हा कामी येतो. गेज लीन म्हणतंय आणि चारांतला एक प्लग ओला निघाला, तर मी प्लगचं ऐकतो.

मूळ ईसीएम असलेल्या गाडीत वाइडबँड हवा असेल तर मी कंपनीचा सेन्सर काढत नाही. बऱ्याच कंट्रोलरना दुसरी एक वायर असते. ती जुन्या सेन्सरसारखी ०.१ ते ०.९ ची उडी मारून दाखवते, आणि ती ईसीएमला देऊन जुना सेन्सर काढून टाका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सिग्नल चालतो. पण ईसीएम जुन्या सेन्सरचा हीटरही तपासतो. हीटर सापडला नाही की पी-०१३५ कोड टाकून चेक इंजिन लाइट लावतो. मग कोड उडवा, पुन्हा येतो, मग त्या जागी रेझिस्टर जोडा, अशी जुगाडांची माळ लागते. वेगळा बंग, वेगळं गेज, ईसीएमला हात नाही, हे स्वस्तही पडतं आणि शांतही.

हल्ली भांडण वेगळ्याच आकड्यावरून होतं. पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. निम्मी गिऱ्हाइकं ऊसवाली असल्यानं इथेनॉल कुठून येतं ते मला समजावून सांगतात. शुद्ध पेट्रोलला १४.७ लागतं, इथेनॉलला फक्त ९. ई-२० चं नेमकं प्रमाण सुमारे साडेतेरा येतं. तरी गेजवर आयडलला १४.७ च दिसतं, आणि माणूस म्हणतो गेज गंडलंय. गंडलेलं नसतं. सेन्सरला कळतो तो लॅम्डा. जाळायला नेमकी जेवढी लागते तेवढी हवा असली की लॅम्डा १. गेज त्या लॅम्डाला १४.७ नं गुणून आकडा दाखवतं, टाकीत काहीही असो. सीएनजीचं नेमकं प्रमाण १७ च्या वर आहे, तिथंही ते १४.७ च म्हणेल. म्हणून माझ्याकडच्या गाड्यांची गेजं मी लॅम्डावर टाकून देतो. ०.८६ म्हणजे रिच, १ म्हणजे नेमकं. इंधन बदललं तरी वाद नको. जुन्या माणसांना पहिले काही दिवस ते परकं वाटतं, मग तेच सांगत येतात, “पॉइंट पंच्याऐंशीला लई भारी पळती.”

अलीकडे वाइडबँड कॅन बसवरून जोडायची सोय आली आहे. बॉशनं १९८६ मध्ये मांडलेली हीच पद्धत आज गाडीतल्या सगळ्या कंट्रोलरना बोलतं ठेवते. दोन पिळलेल्या वायरी, त्यावरून आकडा व्होल्टमध्ये न जाता आकडा म्हणूनच जातो. अर्थ शंभर-दोनशे मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला तरी १२.६ चं तेरा होत नाही. तिथंही पथ्य आहेच. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. करंट बंद करून दोन वायरींत मीटर लावला की ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक उघडं आहे, ४० आले तर कुणीतरी तिसरा घातलाय. कामाला असलेला पोरगा कॅनवर खूश आहे, त्याला अर्थाच्या मागे गाडीखाली सरपटावं लागत नाही. पण गाडी कॅनची असली तरी पट्टीवर मीटर मी त्याला लावायलाच लावतो. वाइडबँडचा आकडा सुटला, तरी थ्रॉटल आणि तापमानाचे सेन्सर अजून व्होल्टवरच चालतात, आणि त्यांचं शून्य त्याच बोल्टावर आहे.

आमच्या बिलात सेन्सर, बंग, वेल्डिंग, वायरिंग अशा ओळी असतात. अर्थिंगची तपासणी मी वेगळ्या ओळीत लिहितो आणि शेजारी दोन आकडे टाकतो: काम हातात घेतलं तेव्हा किती मिलिव्होल्ट होते आणि देताना किती उरले. जिप्सीच्या बिलावर १७० आणि ४ आहेत. गिऱ्हाईक घासाघीस करतं ती याच ओळीवर, कारण तिथं हातात धरून दाखवावी अशी वस्तू नसते. बागायतदारांनीही केली. मी वेल्डिंगमध्ये कमी केले, बंग फुकट दिला. ती ओळ तशीच ठेवली. सहा महिन्यांनी दुसरं कुणी त्या गाडीत साउंड सिस्टिम बसवून अर्थ हलवेल, तेव्हा मीटर लावल्यावर तुलना करायला तो ४ चा आकडा कागदावर असलेला बरा.